ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

मोबाइल या विषयावर मराठीत गेल्या दहा वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं व्यसनमुक्तीच्या पत्रकांच्या भाषेत आहे. मुलं बिघडली, वाचन बुडालं, जेवताना घरातले एकमेकांशी बोलत नाहीत. उपाय म्हणजे संयम. अशा लेखांत सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव हमखास येतं. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करणारा ठराव केला. वडगावकरांचं मला खरंच कौतुक वाटतं. शहरातल्या समुपदेशकांना जे उमगत नाही ते त्यांना उमगलं: एकट्याने फोन बाजूला ठेवून भागत नाही, सगळ्यांनी मिळून ठेवला तरच तो ठेवता येतो. तरीही या साऱ्या चर्चेमागे एक गृहीतक आहे, की फोन ही हौसेची वस्तू आहे आणि हौस आवरता येते.

वरठीसारख्या गावात हे गृहीतक टिकत नाही.

वरठी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं, ना धड खेडं ना धड शहर असं गाव. हावडा-मुंबई मार्गावरचं ‘भंडारा रोड’ स्टेशन इथलं. जिल्ह्याचं शहर दहा-बारा किलोमीटरवर, पण फलाटावरच्या पाटीवर नाव त्या शहराचं. गावाला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि चहूकडे धानाच्या बांध्या आहेत. एकाच घरात एक जण कारखान्याच्या पाळीवर, एक नागपूरला अप-डाऊन करणारा आणि म्हातारा-म्हातारी शेतीवर, असा संसार इथे नवलाचा नाही. फोनने रोजच्या जगण्याचं काय केलं हे पाहायला असं घर मला पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, कारण या घराच्या तीन टोकांना फोनची तीन वेगळी कामं आहेत.

आधी चांगलं सांगतो. या मार्गावर कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या मालगाड्यांची दाटी असते, आणि लोकल-पॅसेंजरच्या प्रवाशाला थांबून राहणं पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं आहे. पूर्वी गाडी कुठे अडकली हे फक्त स्टेशनमास्तरला ठाऊक असे, आणि त्याच्या खिडकीशी जाऊन विचारण्याचं धाडस प्रत्येकाकडे नसे. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप आलं आणि ही मक्तेदारी संपली. बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं, २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. त्याची खुबी अशी की गाडीत बसलेल्या माणसाचा फोन जवळच्या मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखतो, इंटरनेट नसलं तरी चालतं. आता कामठीला गाडी रखडली हे स्टेशनवर यायच्या आधी घरीच कळतं. रात्रपाळी करून आलेल्याला अर्धा तास जास्त झोप मिळते. याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. गरिबाचा वेळ फुकटच आहे असं धरून आपल्या बहुतेक व्यवस्था उभ्या राहिल्या, आणि त्या वेळातला थोडा फोनने परत मिळवून दिला.

हा सांगणारा फोन झाला. तो तुमचं नाव विचारत नाही, कागद मागत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, त्यानंतर खेड्यात पोचला तो मुख्यतः असाच फोन: गाडी सांगणारा, भाव सांगणारा, नातवाचा चेहरा दाखवणारा. पण त्याच यंत्रात हळूहळू एक दुसरा फोन शिरला. तो विचारतो. तू कोण? तो तूच कशावरून? पाठवलेले सहा आकडे सांग. व्यसनाची चर्चा सगळी पहिल्या फोनभोवती फिरते. माझं म्हणणं असं की रोजच्या जगण्याचे सांधे बदलले ते दुसऱ्याने, आणि त्याच्यापुढे संयम काही कामाचा नाही. भोंगा वाजवून तो बंद करता येत नाही, कारण तो तुम्ही सुरूच केलेला नाही.

धान विकण्याचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. ती पदरात पडायची तर आधी ऑनलाइन नोंदणी. तिच्यासाठी सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. सातबाऱ्यावर पीक चढलेलं हवं, त्यासाठी ई-पीक पाहणी. २०२१ पासून ती शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून फोनच्या कॅमेऱ्याने करायची. २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली. पीएम-किसानच्या वर्षाला सहा हजारांसाठी ई-केवायसी वेगळी. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर समर्थनीय आहे. खोटी नावं गळतात, व्यापारी आपला धान शेतकऱ्याच्या नावावर खपवतो त्याला थोडा आळा बसतो, पैसे मधल्या हातांत न अडकता खात्यावर येतात. पण या साखळीत जागोजागी एक मोबाइल नंबर लागतो, आणि तो नंबर कुणाचा, हे कुठल्याच फॉर्मला ठाऊक नसतं.

आधार काढलं तेव्हा कित्येक घरांत फोन एकच होता. शिकलेल्या पोराचा नंबर सगळ्यांच्या नावापुढे लिहिला गेला. पुढे पोरगा पुण्याला गेला, नंबर त्याच्यासोबत गेला. काही नंबर रिचार्जअभावी बंद पडले आणि कंपनीने ते दुसऱ्याच कुणाला दिले. ओटीपी यायला स्मार्टफोन लागत नाही, बटणांचा साधा फोन पुरतो, हे खरं. पण सिम जिवंत ठेवावं लागतं. नुसतं बोलणं आणि एसएमएस यांचा वेगळा रिचार्ज द्यायला दूरसंचार नियामकाला कंपन्यांना भाग पाडावं लागलं, तेही २०२४ च्या डिसेंबरात. तोवर ज्याला इंटरनेट नको होतं तोही ते विकत घेत होता, केवळ सरकारला आपण कोण हे सांगता यावं म्हणून.

मग दृश्य असं दिसतं. ऑनलाइन सेंटरवर म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसलेला. समोरचा पोरगा विचारतो, “काका, नंबर कोनाचा हाय?” “पोराचा हाय जी. पुन्याले असते तो.” फोन लावला जातो. पोरगा कंपनीत, फोन कपाटात. ओटीपीची दहा मिनिटं संपतात. पुन्हा पाठवा. दुपारच्या सुट्टीत पोरगा उलट फोन करतो तेव्हा इकडे वीज गेलेली असते, नाहीतर सर्व्हर बसलेला असतो. “उद्या या, काका.”

यात दुष्ट कुणीच नाही. पोरगा गुणी आहे, सेंटरवाला कामसू आहे, योजना बापाच्या भल्याची आहे. तरी घराचा तोल सरकला. पूर्वी कारभार कुणाच्या हाती हे धानाची ढोली कोण उघडतं यावरून कळत असे. आता सातबारा बापाच्या नावावर, घाम बापाचा, आणि त्या जमिनीवर बापाचा हक्क सिद्ध करणारे सहा आकडे शेकडो किलोमीटरवर दुसऱ्याच्या खिशात. मालकी कागदावर बापाची असली तरी चालते ती पोराच्या सवडीने. आणखी एक गंमत पाहा: याच आकड्यांमुळे दूरच्या पोराला घरच्या धानाचं काय चाललंय ते कळत राहतं. काही घरांत बाप-लेकाचं बोलणं ओटीपीच्या निमित्तानेच टिकून आहे. मी याला नुकसान म्हणत नाही, पण ही देवघेव कुणी ठरवून केलेली नाही. पोर्टल बनवणाऱ्याने आधार आणि नंबर जोडला, आणि त्याच्या नकळत घराघरांतली वडीलकी हलवली.

बायकांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्यांचा नंबर अर्थातच नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. रक्कम आणि हेतू यांवर वाद होतील, पण बाईच्या नावाच्या खात्यात दरमहा पैसे येणं ही रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात मोठी गोष्ट आहे. मात्र पैसे जमा झाल्याचा मेसेज जातो नंबर असेल तिथे. तिच्या आधी नवऱ्याला कळतं. बायका पूर्वी तांदळाच्या डब्यात चार नोटा दडवत, त्या पैशाला घरात कुणी साक्षीदार नव्हता, आणि अडीअडचणीला तोच पैसा कामी यायचा. खात्यातला पैसा सुरक्षित आहे, पण लपलेला नाही. तिला बँक मिळाली आणि गुप्तता गेली. यातलं जड काय, हे ज्याच्या त्याच्या घरावर, खरं तर ज्याच्या त्याच्या नवऱ्यावर अवलंबून आहे.

मग २०२५ च्या सप्टेंबरात याच योजनेची ई-केवायसी आली. तिच्या आधारसोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या नंबरवर आलेला ओटीपी. घरातलं उत्पन्न तपासायचं तर दुसऱ्या माणसाची ओळख लागणार, असा त्यामागचा हिशेब. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की बाईने सरकारकडे जायचं तर पुरुषाच्या फोनमधून. ज्यांचा नवरा गेलेला आणि वडीलही नाहीत अशा बायका स्क्रीनवरच्या एका रिकाम्या चौकटीपुढे अडल्या. ओरड झाली तेव्हा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि मार्ग निघाला तो असा: मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. म्हणजे यंत्र जिथे थांबलं तिथून पुढे गावातली ओळखीची बाईच कामाला आली. तिला कोण विधवा आहे हे ओटीपीशिवाय माहीत होतं.

त्या सेविकांचीही फोनशी एक जुनी लढाई आहे, आणि ती आपण फार लवकर विसरलो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. आंदोलनं आपण काही मिळावं म्हणून पाहिली आहेत. मिळालेला फोन परत घ्या म्हणून केलेलं आंदोलन विरळा. फोन कमी क्षमतेचे होते, सतत तापत आणि बंद पडत, दुरुस्तीचा खर्च अंगावर येई. आणि ‘पोषण ट्रॅकर’ नावाचं ॲप इंग्रजीत होतं. गावातल्या पोरांचं वजन मराठीत घेऊन इंग्रजीत लिहायचं. या बायकांना कुणी फोनवेडं म्हटलं नाही, मात्र तंत्रज्ञानाला घाबरतात असं जरूर म्हटलं गेलं. त्याच बायका घरी आपल्या फोनवर साड्या मागवत होत्या, बचतगटाचे हिशेब पाठवत होत्या. फोनची त्यांना भीती नव्हती. काम करायचं की केल्याचा पुरावा भरायचा, यातला पुरावाच मोठा होत चालला होता, त्याला त्यांचा विरोध होता.

रोजगार हमीचंही तेच. ज्या महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम हा कायदा उभा राहिला, त्याच महाराष्ट्रातल्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा ॲपवर हजेरीचा फोटो बंधनकारक झाला. खोट्या हजेऱ्या होत्याच, हे कुणी नाकारू नये. पण नेटवर्क नसेल तर खोदलेली मातीही खोटी ठरते. रेशन दुकानात तोच अनुभव बोटांना येतो. या जिल्ह्यात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळल्या, आणि आजही आषाढ-श्रावणात चिखलात वाकून पऱ्हे लावतात. अशा कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात, सोलवटतात, आणि यंत्राला अंगठा पटत नाही. मग पर्याय म्हणून पुन्हा ओटीपी, आणि पुन्हा तोच प्रश्न: नंबर कोनाचा?

कुणी म्हणेल, आधीची व्यवस्था काय सोन्याची होती? नव्हती. तलाठ्याच्या दारात सातबाऱ्यासाठी चार चकरा आणि चहापाणी ज्याने केलं आहे, त्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही मुक्ती वाटते आणि ती आहेच. ज्यांना तलाठ्याच्या आठवणीने गहिवरून येतं त्यांचं काम बहुधा कधी तलाठ्याकडे अडलेलं नसावं. पण मध्यस्थ गेला हे मात्र खरं नाही. तो तलाठी कार्यालयातून उठून चौकातल्या टिनाच्या शेडमध्ये बसला. तिथे एक संगणक, एक झेरॉक्स यंत्र, आणि पदवी घेऊन नोकरी न मिळालेला एक तरुण. तो पन्नास-शंभर रुपयांत राज्याच्या निम्म्या खात्यांची कामं करतो. लोकांचे पासवर्ड त्याच्याकडे वहीत लिहिलेले असतात, कारण लोकांना ते लक्षात राहत नाहीत. त्याने मनात आणलं तर काय काय करू शकेल याचा विचार गाव करत नाही. करून उपयोगही नाही. एकीकडे सरकार फोनवर बजावतं की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि दुसरीकडे व्यवस्था अशी की ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय कामच होत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली लोक लुबाडले जातात, २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये त्याबद्दल सावध करावं लागलं. पण ज्याने वर्षभरात दहा वेळा अनोळखी आवाजाला आकडे सांगून आपला हक्क मिळवला, तो अकराव्या वेळी का सांगणार नाही? भोळेपणा हा त्याचा स्वभाव नाही. आपण त्याला तशी सवय लावली.

तलाठ्यात आणि या तरुणात एक फरक उरतोच. तलाठी चुकला तर त्याच्यावर तहसीलदार होता. फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं आणि धानाचा बोनस अडकला तर सेंटरवाल्याच्या वर कोण? तो म्हणतो पोर्टलची चूक, कार्यालय म्हणतं सेंटरची चूक, आणि हेल्पलाइनचा आवाज भाषा निवडायला सांगतो.

मुलांच्या फोनबद्दल थोडक्यात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पोराच्या हातात फोन द्या असं शाळेनेच घराला सांगितलं. ज्या बापाने उसनवारी करून तो घेतला, त्यालाच दोन वर्षांनी व्याख्यानं ऐकावी लागली. बान्सीच्या ठरावामागेही ऑनलाइन वर्गांतून लागलेल्या सवयीची तक्रार होती. म्हणजे हौसेचा म्हणून जो फोन आपण मुलाच्या हातून काढायला निघालो, तोही आला सक्तीच्याच दारातून.

आणि लोकांना फोनने इतकं गिळलं आहे यावर माझा विश्वास बसत नाही, त्याचं कारण झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा हा पट्टा. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. एका गावची आज, शेजारच्या गावची उद्या, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. लेकी माहेरी येतात, सोयरिकींचं बोलणं निघतं, रात्री दंडार किंवा नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या हंगामभर फिरत असतात, आणि प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. ज्याच्या खिशात जगातले सगळे सिनेमे आहेत तो माणूस डिसेंबरच्या थंडीत घोंगडी घेऊन, तिकीट काढून, रात्रभर मंडपात बसतो. मध्ये मध्ये व्हिडिओ काढतो, मावशीला पाठवतो, पुन्हा नाटक पाहतो. नाटकाची जाहिरात व्हॉट्सॲपवरच फिरते. जिथे फोन वापरायचा की नाही हे लोकांच्या हातात आहे, तिथे लोक त्याला बऱ्यापैकी जागेवर ठेवतात.

म्हणून ग्रामसभांनी ठराव करायचेच असतील, तर ते पोरांच्या फोनबंदीपेक्षा वेगळे असावेत. ग्रामपंचायतीच्या, रेशनच्या, धान खरेदीच्या कुठल्याही कामात फोन नाही म्हणून माणूस परत पाठवला जाणार नाही. ओटीपी आला नाही तर तिथल्या तिथे दुसरा मार्ग असेल, आणि तो मार्ग देणारा माणूस नाव-हुद्द्यासह पाटीवर असेल. आधारला जोडलेला नंबर बदलण्याचं शिबिर वर्षातून एकदा रोवणी आटोपल्यावर गावातच भरेल, आणि बाईच्या नावापुढे बाईचाच नंबर लिहिला जाईल.

यातली सगळ्यात मोठी अडचण कायद्याच्या एका फटीत आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठेवला. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून. जो अर्ज ओटीपीच्या चौकटीशीच थांबला, तो दाखल झालेलाच नाही. त्याची तारीख नाही, पावती नाही, नकारसुद्धा नाही. म्हातारा चार वेळा सेंटरवर आला आणि चार वेळा परत गेला, याची नोंद राज्यातल्या एकाही सर्व्हरवर नाही, आणि म्हणून त्या कायद्याच्या हिशेबात कुणालाच उशीर झालेला नाही. ऑनलाइन सेंटरवर एक साधी वही ठेवावी, कोण कोणत्या कामाला आलं, का परतलं, तारीख काय, आणि त्या वहीतली नोंद हीच अर्जाची तारीख धरावी, एवढी दुरुस्ती करायला कुठलंही नवं ॲप लागत नाही.